डावीकडे झुकलेल्या रेघा

१

बराकपूरला एका जुन्या गोदामाचा दवाखाना करायचं काम चाललं होतं. शुक्रवारी दुपारी त्या गोदामाच्या पूर्वेकडच्या दालनाचं छत खाली आलं आणि जयप्रकाश नावाचा मिस्त्री त्याखाली सापडला. एसीचा डक्ट वर नेण्यासाठी छताला भोक पाडायचं होतं, ते पश्चिमेच्या दालनात. पूर्वेचं छत आतून पोकळ झालेलं होतं आणि त्याला हात लावायचा नाही, हे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात महिन्यापूर्वीच ठरलं होतं. पण जयप्रकाशच्या हातातल्या नकाशात भोक पूर्वेला होतं, आणि नकाशाच्या कोपऱ्यात ‘काढणारा’ या चौकटीत त्या ऑफिसातल्या सलीलचं नाव होतं.

सलीलची बायको मृणाल शैलाताईंकडे आली ती पुढच्या गुरुवारी सकाळी. शैलाताई खांबेटे यांचं वय चौसष्ट. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं हाताने नकाशे काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यावर पुण्याला परतायचं सोडून त्या डमडमच्या दोन खोल्यांतच राहिल्या, कारण पुण्यातल्या नातेवाइकांना सल्ले फार सुचतात असं त्यांचं मत होतं. इथल्या मराठी मंडळींत त्यांचा एक लौकिक होता. कोणाच्या मृत्युपत्रावरची सही खोटी, कोणाच्या जागेचा नकाशा मागून बदललेला, असली तीन-चार कोडी त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून उलगडली होती.

मृणालने पिशवीतून घडी केलेला मोठा कागद काढून त्याच टेबलावर पसरला. तिने चहाला हातही लावला नाही. सांगितलं ते थोडक्यात असं. सलील म्हणतो, मी भोक पश्चिमेलाच काढलं होतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर त्यात खरोखरच भोक पश्चिमेला आहे. पण साइटवर गेलेला कागद हा असा, पूर्वेचा. आणि फाइल शेवटची सेव्ह झाली आहे ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सलीलच्याच कॉम्प्युटरवरून. ऑफिसच्या मालकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. आधी चूक केली, माणूस मेल्यावर गुपचूप फाइल सुधारली. तशी कबुली सलीलने लिहून द्यायची आहे, परवा शनिवारी. मग तो कागद पोलिसांकडे जाईल.

“तो सही करणार आहे, काकू,” मृणाल म्हणाली. “त्याला आता स्वतःचीच खात्री नाही. म्हणतो, कागद माझा आहे, म्हणजे चूक माझीच असणार. सात दिवस भिंतीकडे बघत बसलाय.”

शैलाताईंनी भिंग घेतलं आणि त्या कागदावर ओणव्या झाल्या. मधोमध जिना, दोन्ही बाजूंना सारखी दालनं, सारख्या खिडक्या. वर उत्तरेचा बाण. सूचना हिंदीत आणि बंगालीत, सगळ्या सुवाच्य. भिंतींच्या जाडीत भरलेल्या तिरक्या रेघांपाशी त्यांचं भिंग थांबलं. काहीतरी खटकलं खरं, पण काय ते त्यांना धड सांगता येईना, आणि असं झालं की त्या स्वतःवरच चिडत.

दुसरी एक अडचण त्यांनी मृणालला सांगितली नाही, कारण ती तिला माहीतच होती. त्यांच्या भावाची मुलगी केतकी त्याच ऑफिसात सहा महिन्यांपासून शिकाऊ म्हणून लागली होती, आणि ती चिकटवली होती शैलाताईंनीच. भावाची बँकेतली बदली नागपूरला झाली तेव्हापासून पोरगी आत्याकडेच राहत होती. शैलाताईंनी तिला आदल्या शनिवारीच अपघाताबद्दल विचारलं होतं. “आमि जानि ना, आत्या,” मला माहीत नाही, एवढंच म्हणून ती गॅलरीत निघून गेली होती. केतकीचं मराठी इथं वाढलेल्या मुलांचं असतं तसंच अडखळतं, आणि जीव घाबरला की ती बंगालीत शिरत असे. त्या दिवसापासून तिचा डबा भरलेलाच परत येत होता. ओळखीचा मिस्त्री गेला, पोर हबकली असणार, असं म्हणून शैलाताईंनी तो विषय सोडून दिला होता.

२

ऑफिस एस्प्लनेडला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. आठवडाभर आभाळ निवळायला तयार नव्हतं आणि जिन्यात दिवसासुद्धा दिवा लावावा लागत होता. खाली पूजेच्या मांडवाचे बांबू आणून टाकले होते आणि त्यांना ओला वास येत होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शैलाताई प्रत्येक मजल्यावर थांबत, गुडघ्यांना मनातल्या मनात नावं ठेवत वर पोचल्या.

मालक सुरेश गोखले त्यांना मंडळाच्या गणपतीपासून ओळखत. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर मोजून-मापून चांगला वागलेला. त्यांनी खुर्ची दिली, सलीलबद्दल हळहळले, आणि मग म्हणाले की हे ऑफिस वाचवायचं तर कोणाचं तरी एकाचं नाव पुढं यायलाच हवं. बारा माणसं इथं पोट भरतात. शैलाताईंनी विचारलं, नकाशा साइटवर कधी गेला? बुधवारी संध्याकाळी, सुरेश म्हणाले. सलीलने बुधवारी तो पुरा केला, कागदावर तारीखही बुधवारचीच आहे. गुरुवारी त्याच्या मुलीला ताप होता म्हणून तो आलाच नाही.

“गुरुवारी त्याच्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?”

सुरेशना ते सांगता येईना. छपाईचं मोठं यंत्र त्याच कॉम्प्युटरला जोडलेलं होतं, त्यामुळे कोणीही बसे. शनिवारी सकाळी तर ते स्वतः बराकपूरच्या पोलीस ठाण्यात होते.

मग शैलाताईंनी भिंतीवर लावलेले नकाशे बघायला सुरुवात केली. शाळा, बँक, एक लग्नाचा हॉल. सगळ्या नकाशांत कापलेल्या भिंतींमध्ये तिरक्या रेघा भरलेल्या, आणि सगळ्या रेघा उजवीकडे झुकलेल्या. त्यांच्या खात्यातही तसंच होतं. रेघ उजवीकडेच झुकायची, नाहीतर साहेब कागद परत फेकत. पिशवीतला बराकपूरचा कागद त्यांनी पुन्हा उलगडला. तिथं झाडून सगळ्या रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या.

आपल्याला काय खटकलं होतं ते आता त्यांना कळलं. जुन्या दिवसांत ट्रेसिंगचा कागद पालथा ठेवला की असं व्हायचं. पण कागद पालथा झाला की अक्षरंही उलटी होतात, आणि इथं तर एकेक अक्षर सुलट होतं.

३

रोहन हा ऑफिसातला दुसरा जुना माणूस. सलीलनंतर त्याचाच नंबर, आणि सलील गेला तर त्याचंच भलं, हे मृणालने सांगितलंच होतं. नकाशावर ‘तपासणारा’ या चौकटीत सही त्याचीच होती. शैलाताईंनी त्याला सलीलच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायला लावली. तो बोलत होता भरभर, पण एकदाही त्यांच्याकडे बघत नव्हता.

अक्षरांचा उलगडा त्यानेच केला. या ऑफिसची एक पद्धत होती. एकाच इमारतीचे नकाशे सरकारला इंग्रजीत, मिस्त्रींना हिंदीत आणि बंगालीत लागायचे. म्हणून इमारतीच्या मूळ आकृतीत एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही, असा सुरेशचा नियम होता. सूचना, मापं, उत्तरेचा बाण हे सगळं वरच्या शीटवर. शीटला एक खिडकी असते आणि त्या खिडकीतून मागची आकृती दिसते. भाषा बदलायची तर शीट बदलायची, आकृती तीच.

“म्हणजे आकृती फिरवली तरी अक्षरं जागच्या जागी राहतील?”

“राहतील. पण काकू, व्ह्यू फिरवल्याने ड्रॉइंग बदलत नाही. भिंत तिथंच राहते, भोक तिथंच राहतं. आपण कुठून बघतोय तेवढंच बदलतं.”

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा ठोकळा होता. तो धरून फिरवला की इमारत हवी तशी वळायची, समोरून, बाजूने, वरून. शैलाताईंना ते आवडलं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. त्यांच्या वेळी इमारत वळवायची तर नवा कागद घ्यावा लागे. मग त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की आता खालून दाखव.

रोहनचा हात माउसवर थांबला. मग त्याने ठोकळा वळवला.

इमारत पडद्यावर पालथी झाली. आराखडा तोच दिसत होता. मधोमध जिना, दोन्हीकडे सारखी दालनं. पण डावीकडचं भोक उजवीकडे गेलं होतं. भिंतींतल्या रेघा डावीकडे कलल्या होत्या. उत्तरेचा बाण शीटवर होता तिथंच होता, आणि अक्षरं सुलटच होती. शैलाताईंनी कागद पडद्याशेजारी धरला. दोन्ही एकच होतं.

शैलाताईंनी आणखी एका ठिकाणी बोट ठेवलं. डक्ट छताच्या खाली लटकतो. वरून बघितलं तर तो छतामागे लपतो, म्हणून तुटक रेघेने दाखवायचा. सलीलच्या फाइलमध्ये तो तुटकच होता. साइटवरच्या कागदात मात्र अखंड. ज्याने हा कागद छापला त्याचे डोळे छताच्या खाली होते.

“सलीलने भोक बरोबर काढलं,” शैलाताई म्हणाल्या. “फाइल कोणी सुधारलीच नाही, कारण ती बिघडलीच नव्हती. कोणीतरी गुरुवारी व्ह्यू फिरवून छापलं, आणि शनिवारी सकाळी परत जागेवर आणून ठेवलं. ‘तपासणारा’मध्ये सही तुझी आहे, रोहन.”

रोहनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग जे होतं ते बाहेर आलं. गुरुवारी साइटवरून फोन आला की डक्ट नीट दिसत नाही, दुसरा कागद पाठवा. तो दुसऱ्या कामात होता. त्याने ते दुसऱ्या कोणाला सांगितलं आणि आलेल्या कागदावर न बघता सही ठोकली. शुक्रवारी सकाळी जयप्रकाशचा फोनही त्यालाच आला होता. “साहब, इधर छत खोखला बोलता है,” असं तो म्हणाला होता. रोहनने त्याला सांगितलं होतं, कागदात आहे तसं कर.

“पण व्ह्यू मी नाही फिरवला,” तो म्हणाला. “मी दहा वर्षं हेच करतोय. छत काढायचं तर खालून बघत नाहीत. जमिनीवर आरसा ठेवलाय असं धरायचं आणि आरशात छत दिसेल तसं काढायचं. मग पूर्व पूर्वेलाच राहते. हे सलीलला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, सुरेशसरांना झोपेत विचारलं तरी सांगतील.”

ते शैलाताईंनाही ठाऊक होतं. आणि म्हणूनच त्यांच्या मनात दुसराच प्रश्न आला. आरशाची रीत ज्याला अजून कोणी शिकवलीच नाही, छत बघायचं म्हणजे मान वर करून बघायचं असं ज्याला मनापासून वाटतं, असं माणूस या ऑफिसात कोण? रोहनने नाव घेतलं नाही. त्याने फक्त खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीला एक निळी ओढणी अडकवलेली होती. ती शैलाताईंनीच दिवाळीला घेतली होती.

४

मेट्रोने घरी येईपर्यंत त्यांनी सगळं जुळवलं, आणि जुळत गेलं तसं त्यांना अधिकच वाईट वाटत गेलं. पुरावा त्यांच्याच स्वयंपाकघरात पडलेला होता. गेल्या शनिवारी केतकी साडेसहालाच घराबाहेर पडली होती, चहा न घेता. नंतर गर्दी होते ना, असं म्हणाली होती. ऑफिस दहाचं, आणि शनिवारी साडेसहाच्या मेट्रोला कसली गर्दी. आठ दिवस डबा भरलेला येतो आहे, आणि कागद वाचणाऱ्या बाईंना घरातलं माणूस वाचता आलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

केतकी त्या दिवशी बरं नाही म्हणून घरीच होती. ती टेबलाशी बसली होती. शैलाताईंनी तिच्यासमोर कागद पसरला आणि भिंतीतल्या रेघांवर बोट ठेवलं. विचारायची गरजच पडली नाही.

ती रडली नाही. तुकड्यातुकड्याने सांगत राहिली, अर्धं मराठीत, अर्धं बंगालीत. रोहनदादाने सांगितलं, डक्ट नीट दिसू दे. वरून दिसत नव्हता, म्हणून तिने खालून बघितलं, आणि किती छान दिसला. एक माप सुटून भलतीकडेच राहिलं होतं. तिला वाटलं शीट सरकली, म्हणून तिने ते उचलून परत भोकाजवळ ठेवलं. रोहनदादाने सही केली तेव्हा तर तिला बरंच वाटलं, पहिलाच कागद पास झाला म्हणून. शुक्रवारी बातमी आली तेव्हा तिला काहीच कळलं नाही. मग घरी येताना मेट्रोत एकदम कळलं. शनिवारी सकाळी तिने व्ह्यू फिरवून जागेवर आणला, माप जागेवर ठेवलं. काही झालंच नाही असं व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं. सलीलदादावर येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि रोज आणखी उशीर होत गेला.

“जयप्रकाशकाका मला ‘दिदिमणि’ बोलायचे,” ती म्हणाली. “साइटवर गेली की मला हेल्मेट आणून द्यायचे.”

शैलाताई तिच्या शेजारी बसल्या.

“आत्या, एक विचारू? तूच सांगितलं होतं ना. मी लहान होती तेव्हा. जिथे उभी आहेस तिथून दिसतं तेच काढ, मनाचं नाही काढायचं.”

होय, सांगितलं होतं. आठ वर्षांची केतकी भावाच्या तेव्हाच्या बराकपूरच्या घरातून सुट्टीला यायची तेव्हा याच टेबलावर कागद पसरून त्यांनी तिला पेन्सिल धरायला शिकवलं होतं. पोरीने खुर्चीचे चारही पाय समोर काढले होते, आणि त्यांनी ते खोडून टाकले होते. तुला दिसतात का चार? मग दिसतील तेवढेच काढ. त्या वेळी त्यांना स्वतःच्या शिकवण्याचं फार कौतुक वाटलं होतं. आरशाची गोष्ट मोठी झाल्यावर सांगू, असं म्हणाल्या होत्या. मग पोरगी मोठी झाली, हाताने काढणं संपलं, कॉम्प्युटर आला, आणि ती गोष्ट सांगायची राहूनच गेली.

“तू सांगणार उद्या?” केतकीने विचारलं.

“मी सांगितलं तर तुला पकडलं असं होईल,” शैलाताई म्हणाल्या. “तू सांग. मी शेजारी उभी राहीन.”

केतकीने कागद घडी करून बाजूला ठेवला. मग तिने विचारलं की जेवायला काही आहे का.

५

शनिवारी सकाळी सुरेशच्या खोलीत पाचजण होते. सलील टेबलाच्या कडेला बसला होता, दाढी वाढलेली, समोर टाइप केलेली कबुली आणि पेन. रोहन दाराशी उभा. खाली रस्त्यावर बांबू ठोकण्याचा आवाज चालला होता.

केतकीने सांगितलं. तिने कॉम्प्युटर उघडून दाखवलंही, ठोकळा फिरवून, एकदा वरून, एकदा खालून. रोहनने आपला वाटा आपणहून सांगितला, जयप्रकाशच्या फोनसकट. सलीलने पडद्याकडे बघितलं, मग दोन्ही हात तोंडावर धरून तो वाकला. आनंद झाल्यासारखा काही तो दिसला नाही. “मी वेडा होत नव्हतो,” एवढंच म्हणाला, आणि तेही स्वतःशीच.

सुरेशनी कबुलीचा कागद फाडून टाकला आणि शैलाताईंकडे बघून फार मायेने बोलू लागले. सलील सुटला, हे उत्तमच झालं. आता या पोरीला कशाला मध्ये आणायचं, आपलीच मुलगी आहे, चोवीस वर्षांची. कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरचा दोष असं लिहू. पोलिसांना त्यातलं काय कळतंय, आणि दोष कोणाचाच नाही म्हटलं की प्रकरण आपोआप थंड होईल.

शैलाताईंच्या मनात मोह आला. तो आला नाही असं म्हणणं खोटं होईल. भावाचा चेहरा, पोरीचं वय, पुढं येणारी चौकशी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. हो म्हणायला एक मान हलवली की पुरे होतं. त्यांनी केतकीकडे बघितलं, कारण या वेळी उत्तर आपण द्यायचं नाही असं त्यांनी जिना चढतानाच ठरवलं होतं.

“सॉफ्टवेअरने जे दाखव सांगितलं ते दाखवलं, सर,” केतकी म्हणाली. “मी चुकीच्या जागी उभी राहिली. जयप्रकाशकाकांच्या घरी हेच सांगायचं आहे. मला खोटं सांगायला नाही जमणार तिथे.”

तिने साइटवरचा तो कागद टेबलावर पसरला. कोपऱ्यातल्या ‘काढणारा’ या चौकटीत सलीलच्या नावावर एक रेघ मारली, खाली आपलं नाव लिहिलं आणि आजची तारीख घातली. मग पेन रोहनकडे दिलं. ‘तपासणारा’मध्ये त्याची सही होतीच. त्या सहीपुढे त्याने ‘न बघता’ एवढे दोन शब्द जोडले आणि पेन टेबलावर ठेवलं.

शैलाताई पुढे झाल्या. सवयीनेच त्यांनी तो कोपरा वाचला. काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. स्वतःचं नाव लिहावं अशी जागा त्यांनी शोधून पाहिली. शिकवणाऱ्यासाठी चौकट नव्हती.

त्यांनी कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि केतकीला म्हणाल्या की बराकपूरची गाडी शियालदाहून साडेअकराला आहे, आपण आधी जयप्रकाशच्या घरी जाऊ आणि मग पोलीस ठाण्यात. जिना उतरताना त्यांचे गुडघे फार दुखत होते. केतकी एक पायरी पुढे राहून, त्यांचा हात धरून उतरत होती.